एक्सप्लेनर : वजन शंभरीपार असेल, तर दुचाकीचे गणित कसे बदलते?

डिजिटल डेस्क, कोल्हापूर : नवी दुचाकी घेताना शोरूममध्ये किंमत, मायलेज, ईएमआय आणि रंग असे सगळे प्रश्न विचारले जातात. एक प्रश्न मात्र अनेकांच्या ओठावर येऊन परत जातो : "माझे वजन ११५ किलो आहे, ही गाडी मला चालेल का?" विचारले तर कुणीतरी हसेल, अशी भीती असते. सेल्समनही बहुतेक वेळा "काही होत नाही साहेब" म्हणून विषय संपवतो.

खरे तर हा प्रश्न कोल्हापुरात तरी अवघड वाटायला नको. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबाग मैदान उभारले, तेव्हापासून या शहराने वजनदार माणसाला टाळ्याच वाजवल्या आहेत. महाराष्ट्र केसरीच्या गटाची वजनमर्यादाच ८६ ते १२५ किलो आहे. मैदानात ज्या वजनाचे कौतुक होते, तेच वजन घेऊन पैलवान शंभर सीसीच्या गाडीवरून तालमीत जातो. आखाडा सोडून वीस वर्षे झालेला वस्तादही त्याच गाडीवर असतो, आणि कधीही आखाड्यात न उतरलेला, दिवसभर खुर्चीत बसून काम करणारा कर्मचारीही. वजन पिळदार शरीराचे आहे की सुटलेल्या पोटाचे, हे गाडीला कळत नाही. तिला फक्त किलो कळतात.

वजन जास्त असले म्हणून दुचाकी चालवता येत नाही, असे अजिबात नाही. मात्र काही सेटिंग बदलावी लागतात आणि काही आकडे पाहावे लागतात. ते कोणते, हे समजून घेऊ.

गाडी कुणाचे वजन गृहीत धरते?

देशात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली. दुचाकींच्या उत्सर्जनाची चाचणी त्यानंतर 'डब्ल्यूएमटीसी' या जागतिक चाचणी चक्रानुसार होते. या चाचणीत स्वाराचे वजन ७५ किलो धरले जाते. त्यामुळे प्रमाणित मायलेजचा जो आकडा आपण वाचतो, तो या कागदावरच्या ७५ किलोच्या स्वाराचा असतो.

आता हा स्वार आपल्याकडच्या सरासरीशी ताडून पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये 'संदर्भ भारतीय पुरुषा'चे वजन ६० वरून ६५ किलो केले आणि महिलेचे ५५ किलो धरले. म्हणजे चाचणीतला स्वार या संदर्भ पुरुषापेक्षा १० किलोंनी जड आहे. बहुतांश ग्राहकांना गाडी शोरूममधून येते तशीच ठीक वाटते, यात नवल नाही.

पण सगळेच या मापात बसत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील सुमारे २३ टक्के पुरुष आणि २४ टक्के महिलांचा बॉडी मास इंडेक्स २५ किंवा त्याहून अधिक आढळला. या सगळ्यांचे वजन शंभरावर आहे असे नाही. पण कागदावरच्या स्वारापेक्षा जड असलेल्यांची संख्या कमी नाही, एवढे नक्की.

गाडीची क्षमता कुठे लिहिलेली असते?

गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत तांत्रिक तपशिलांचे एक पान असते. त्यावर दोन आकडे शोधायचे. पहिला कर्ब वेट, म्हणजे पेट्रोल आणि ऑइलसह उभ्या गाडीचे वजन. दुसरा ग्रॉस व्हेईकल वेट, म्हणजे माणसे आणि सामान धरून गाडीचे जास्तीत जास्त किती वजन चालते तो आकडा. दुसऱ्यातून पहिला वजा केला, की गाडीची वाहून नेण्याची क्षमता कळते. काही कंपन्या ही वजाबाकी करून 'मॅक्झिमम पेलोड' असा आकडा थेट देतात.

उदाहरण घेऊ. समजा कर्ब वेट ११२ किलो आणि ग्रॉस वेट २४२ किलो आहे. क्षमता झाली १३० किलो. हा आकडा एका माणसाचा नाही. चालवणारा, मागे बसणारा, हेल्मेट, डबा, लॅपटॉपची बॅग, आठवडी बाजारातून आणलेली पिशवी, हे सगळे त्यात येते. चालवणाऱ्याचे वजन कपडे-बुटांसह ११८ किलो असेल, तर उरतात १२ किलो. मागे ६० किलोची व्यक्ती बसली, की हिशेब ४८ किलोंनी चुकतो.

अनेकांचा गोंधळ इथेच होतो. 'एकट्याला चालते' आणि 'जोडीने चालते' ही दोन वेगळी उत्तरे आहेत. जड स्वार एकटा असताना मर्यादेत असतो. रोज संध्याकाळी पत्नीला किंवा मुलाला घेऊन निघाला की मर्यादेबाहेर जातो. गाडी त्या दिवशी मोडत नाही, म्हणून ते लक्षात येत नाही.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याचे कलम १२८ दुचाकीवर चालकामागे एकच व्यक्ती बसवण्याची परवानगी देते. ट्रिपल सीट सापडल्यास कलम १९४-क नुसार १,००० रुपये दंड आणि तीन महिने परवाना अपात्र ठरण्याची तरतूद आहे. ही मर्यादा माणसांच्या संख्येची आहे. स्वार इतक्याच किलोचा असावा, असे हे कलम म्हणत नाही.

कलम ११३ मात्र नोंदणी प्रमाणपत्रातील ग्रॉस वेटपेक्षा जास्त भार घेऊन वाहन चालवायला मनाई करते. एरवी हे कलम ट्रक-टेम्पोच्या ओव्हरलोडच्या बातम्यांत दिसते. पण त्याची भाषा 'कोणतेही मोटार वाहन' अशी आहे. दंडाच्या भीतीपेक्षा महत्त्वाचे म्हणजे, ग्रॉस वेट हा आकडा ब्रेक, टायर आणि चासी यांच्या ताकदीवरून ठरलेला असतो.

जास्त वजनाने सर्वांत आधी काय बदलते?

मागचे शॉकअप. स्वार बसला की मागचा भाग खाली दबतो. किती दबावा, याचा ढोबळ नियम असा : शॉकअपच्या एकूण हालचालीच्या पाव ते एक तृतीयांश. तेवढे दबले, तर खड्ड्यात खाली जायलाही जागा उरते आणि चाक पुन्हा रस्त्याला टेकायलाही. वजन जास्त आणि सेटिंग कमी असेल, तर शॉकअप निम्म्याहून जास्त आधीच दबलेले असते. मग स्पीड ब्रेकरवर 'ठक्' असा आवाज येतो, कमरेला झटका बसतो, सायलेन्सर किंवा स्टँड घासते. ऑइल सील लवकर फुटते आणि मेकॅनिक सांगतो, "वजनामुळे गेले."

वजनामुळे गेले हे खरे असते. पण सेटिंग कधी बदललेच नव्हते, हेही तितकेच खरे असते. मागे दोन शॉकअप असलेल्या बहुतेक मोटारसायकलींत स्प्रिंगच्या तळाशी खाचा असलेली रिंग असते. तिला प्रीलोड ॲडजस्टर म्हणतात. साधारण पाच खाचा असतात. नवी गाडी बहुधा पहिल्या किंवा दुसऱ्या खाचेवर येते. ही रिंग टूलकिटमधल्या वाकड्या पान्याने फिरते; काम पाच मिनिटांचे. मोनोशॉक असलेल्या काही गाड्यांत ते गॅरेजमध्ये करून घ्यावे लागते.

आपले सेटिंग योग्य आहे का, हे घरीच मोजता येते. गाडी मेन स्टँडवर लावून मागचे चाक अधांतरी करा. मागच्या चाकाच्या मध्यापासून बरोबर वर, सीटखालच्या एखाद्या ठळक बिंदूपर्यंतचे अंतर टेपने मोजा. मग गाडी स्टँडवरून काढा, हेल्मेट-बॅगसह नेहमीसारखे बसा, एकाला गाडी धरायला सांगा आणि दुसऱ्याला तेच अंतर पुन्हा मोजायला सांगा. दोन्हींतला फरक म्हणजे गाडी तुमच्या वजनाने किती दबते ते. पुस्तिकेत मागच्या चाकाची हालचाल १०० मिलिमीटर दिली असेल, तर फरक २५ ते ३३ मिलिमीटरच्या आसपास हवा. ५० आला, तर रिंग वरच्या खाचेवर न्या आणि पुन्हा मोजा.

एक गोष्ट लक्षात घ्यावी. प्रीलोड वाढवल्याने स्प्रिंग कडक होत नाही. गाडी फक्त योग्य उंचीवर येते. शेवटच्या खाचेवरही शॉकअप तळाला आपटत असेल, तर जास्त ताकदीची स्प्रिंग लागेल. ती त्याच मॉडेलसाठी बनवलेली आणि जाणकाराकडून बसवलेली असावी. लांबी-जाडीचा अंदाज बांधून भलतीच स्प्रिंग बसवली, तर गाडी वळणावर अस्थिर होते.

हेडलाइटचा संबंध काय?

मागचा भाग जास्त दबला, की पुढचा उचलला जातो आणि दिव्याचा झोत वर जातो. दोन चाकांतले अंतर १२५ सेंटीमीटर आणि मागचा भाग ४ सेंटीमीटर जास्त दबला असे धरले, तर २५ मीटर अंतरावर झोत सुमारे ८० सेंटीमीटर वर सरकतो. समोरच्याच्या डोळ्यांवर प्रकाश पडतो आणि आपल्या पुढचा खड्डा अंधारात राहतो. 'गाडीचा लाईटच कमी आहे' ही तक्रार असलेल्यांनी बल्ब बदलण्याआधी शॉकअप पाहावे. प्रीलोड नीट केल्यावरही झोत वर असेल, तर हेडलाइटचा कोन स्क्रूने खाली घेता येतो. हे काम स्वतः गाडीवर बसलेले असताना दुसऱ्याकडून करून घ्यावे.

टायरवरचे आकडे कसे वाचायचे?

टायरच्या बाजूवर '१२०/८०-१८ ६२पी' असे काहीतरी लिहिलेले असते. पहिले तीन आकडे मापाचे. शेवटचा ६२ हा लोड इंडेक्स, आणि अक्षर वेगमर्यादेचे. लोड इंडेक्स म्हणजे किलो नव्हे. त्याचा तक्ता ठरलेला आहे. ४७ म्हणजे १७५ किलो, ५४ म्हणजे २१२ किलो आणि ६२ म्हणजे २६५ किलो. 'पी' म्हणजे ताशी १५० किलोमीटर. टायर बदलताना दुकानदार 'याच मापाचा आहे' म्हणतो, तेव्हा लोड इंडेक्सही तेवढाच किंवा जास्त आहे का, हे पाहून घ्यावे. जड स्वाराच्या बाबतीत इथे तडजोड नको, कारण स्वाराच्या वजनाचा मोठा वाटा मागच्याच टायरवर येतो.

त्याहून महत्त्वाची हवा. लोड इंडेक्सचा भार टायर पेलतो तो पुरेशी हवा असेल तरच. चेन कव्हर किंवा स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर मागच्या चाकासाठी दोन आकडे असतात : एकटा स्वार आणि जोडी. ११५-१२० किलोचा माणूस एकटा असला, तरी 'एकटा' हा आकडा त्याच्यासाठी बहुधा कमी पडतो. अशा वेळी जोडीसाठी दिलेल्या आकड्याच्या जवळ हवा ठेवणे योग्य. नेमका आकडा सर्व्हिस सेंटरमध्ये आपले वजन सांगून विचारून घ्यावा. टायरवर छापलेली कमाल मर्यादा मात्र ओलांडू नये.

कमी हवेचा टायर चालताना जास्त वाकतो, तापतो आणि आतून कमकुवत होतो. उन्हाळ्यात महामार्गावर टायर फुटण्यामागे हे एक नेहमीचे कारण असते. हवा टायर थंड असताना, आठवड्यातून एकदा आणि मीटरवर तपासावी. अंगठ्याने दाबून पाहिलेल्या हवेवर विसंबू नये.

वजन जास्त, म्हणजे ब्रेक उशिरा लागतो का?

इथे थोडे भौतिकशास्त्र. हिरो स्प्लेंडर प्लसचे कर्ब वेट ११२ किलो आहे. त्यावर ७५ किलोचा स्वार बसला, तर एकूण १८७ किलो. १२० किलोचा बसला, तर २३२ किलो. ताशी ६० किलोमीटर वेगात पहिल्या जोडीची गतिज ऊर्जा सुमारे २६ किलोज्यूल, तर दुसरीची ३२. म्हणजे थांबण्यासाठी ब्रेकना २४ टक्के जास्त काम करावे लागते. ही सगळी ऊर्जा उष्णता होऊन ब्रेकमधूनच बाहेर पडते.

ब्रेक दमदार असतील, तर टायरची पकडही वजनाबरोबर वाढते आणि थांबण्याच्या अंतरात फारसा फरक पडत नाही. पण छोट्या ड्रम ब्रेकची ताकद मर्यादित असते. तिथे तेवढीच लिव्हर दाबून जास्त वजन थांबवायचे म्हणजे अंतर वाढणारच.

यावर उपायही त्याच सूत्रात आहे. ऊर्जा वजनाच्या पटीत वाढते. पण वेगाच्या वर्गाच्या पटीत. त्यामुळे वेग थोडा कमी केला तरी फरक मोठा पडतो. वरच्या उदाहरणात १२० किलोच्या स्वाराने ६० ऐवजी ५४ चा वेग ठेवला, तर ब्रेकवर येणारे काम ७५ किलोच्या स्वाराइतकेच होते. पंचेचाळीस किलोंचा फरक ताशी सहा किलोमीटरने भरून निघतो.

पुढचा ब्रेक वापरण्याची सवयही हवी. 'पुढचा दाबला की पलटी' या समजुतीमुळे अनेक जण फक्त मागच्या पायावर गाडी थांबवतात. जोरात ब्रेक लावला, की भार पुढच्या चाकावर जातो. त्यामुळे थांबवण्याचे मोठे काम पुढचाच ब्रेक करतो. दोन्ही एकत्र, हळूहळू दाब वाढवत लावावेत. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील नव्या दुचाकींना एबीएस आणि त्याखालील गाड्यांना सीबीएस म्हणजे दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी यंत्रणा बंधनकारक आहे. जुनी गाडी असेल, तर तिच्यात यांपैकी काही आहे का, हे माहीत असायला हवे.

घाटात काय काळजी घ्यावी?

कोल्हापूरकरांसाठी हा प्रश्न पुस्तकी नाही. गगनबावड्याहून करूळ किंवा भुईबावडा, राधानगरीकडून फोंडा, शाहूवाडीकडून आंबा, आजऱ्याकडून आंबोली. कोकणात कुठूनही उतरा, घाट चुकत नाही.

हिशेब असा : १०० मीटर उंची उतरताना जेवढी ऊर्जा मोकळी होते, ती ताशी ६० च्या वेगातून सात वेळा पूर्ण थांबण्याइतकी असते. २३२ किलोंसाठी ती सुमारे २२७ किलोज्यूल. १८७ किलोंसाठी १८३. गाडी न्यूट्रलमध्ये टाकून किंवा क्लच दाबून उतरले, तर यातली बहुतेक उष्णता ब्रेकवर येते. ड्रम तापतो, पकड ढिली होते आणि लिव्हर दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. हे बहुधा उताराच्या शेवटी, थकलेल्या वेळी घडते.

म्हणून ज्या गिअरमध्ये चढलात, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा. इंजिन स्वतःच गाडीला मागे खेचते. ब्रेक सतत दाबून ठेवू नका. वळणाआधी एकदा नीट लावा आणि सोडा. स्कूटरवर इंजिनाचा हा आधार कमी मिळतो. त्यामुळे जड स्वाराने जोडीने स्कूटरवर घाट उतरताना मध्ये थांबून ब्रेक थंड होऊ द्यावेत. जळका वास आला, तर थांबलेच पाहिजे.

ओव्हरटेक करताना अंदाज का चुकतो?

गळीत हंगामात जिल्ह्यातल्या रस्त्यांवर उसाचे ट्रॅक्टर धावतात, मागे दोन-दोन ट्रॉल्या लावून. अशी लांबलचक रांग पार करायची, तर वेग झटकन वाढावा लागतो. स्प्लेंडरचे इंजिन सुमारे ८ पीएस ताकदीचे आहे. वजन २४ टक्के जास्त, तर वेग वाढायला वेळही ढोबळमानाने तेवढाच जास्त. हलक्या स्वाराला पाच सेकंद लागत असतील, तर जड स्वाराला सहाहून अधिक. ताशी ५० च्या वेगात सव्वा सेकंद म्हणजे सुमारे १७ मीटर रस्ता.

मित्राने त्याच गाडीवरून काढली म्हणून आपणही काढू, हा अंदाज इथे फसतो. मागे कुणी बसलेले असेल, तर आणखी फसतो. एक गिअर खाली घेऊन, समोरचा रस्ता दूरवर मोकळा दिसत असेल तरच निघावे.

चढावरही थोडे जपावे लागते. जोतिबा किंवा पन्हाळ्याच्या चढावर हाफ क्लचवर गाडी रेटत नेली, तर क्लच प्लेट लवकर जळतात. वेळेवर खालचा गिअर टाकणे स्वस्त पडते. चेनचा ताणही जड स्वाराच्या गाडीत लवकर बदलतो. तो दर सर्व्हिसिंगला सांगून तपासून घ्यावा.

मग बुलेटच घ्यावी का?

'अंगाने मोठा माणूस म्हणजे बुलेट' हे समीकरण कोल्हापुरात पक्के आहे. त्यात तथ्य आहे, पण अर्धे. रॉयल एन्फिल्ड क्लासिक ३५० चे कर्ब वेट १९५ किलो, म्हणजे स्प्लेंडरपेक्षा ८३ किलो जास्त. मोठी सीट, रुंद टायर, डिस्क ब्रेक आणि ताकदवान इंजिन हे तिचे फायदे खरे आहेत. पण गाडी जड आहे म्हणजे ती त्याच प्रमाणात जास्त भार वाहते, असे नाही. जास्तीचे किलो इंजिन आणि लोखंडाचे आहेत. क्षमता पाहायची, तर वजाबाकीच करावी लागते, कोणतीही गाडी असो. शिवाय पेठेतल्या अरुंद बोळात रोज १९५ किलो मागे-पुढे ढकलावे लागतात. गुडघे दुखत असतील, तर त्याचाही विचार हवा.

खरेदीपूर्वी पुढच्या गोष्टी पाहाव्यात :

• पेलोड किती? नेहमी मागे बसणाऱ्या व्यक्तीसह बेरीज करा.

• मागच्या शॉकअपला प्रीलोड ॲडजस्टर आहे का?

• मागच्या टायरचा लोड इंडेक्स किती?

• पुढे डिस्क ब्रेक आणि एबीएस आहे का?

• दोन्ही पाय जमिनीला नीट टेकतात का? हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवताना पोट किंवा मांडी आड येते का?

• सीटवर दोघे ऐसपैस बसतात का? चालवणारा टाकीवर सरकत असेल, तर ती सीट कमी पडते.

• टेस्ट राइड एकट्याने नव्हे, जोडीने घ्या.

स्कूटरबाबत एक जादा मुद्दा. तिचे इंजिन आणि स्वार दोघांचाही भार मागच्या बाजूला जास्त असतो आणि मागचे चाक अनेक मॉडेलमध्ये १० इंची असते. लहान चाक खड्ड्यात जास्त आदळते. अनेक महिलांना चढ-उतरायला स्कूटरच सोयीची पडते. ती जरूर घ्यावी. मात्र हवेचा दाब आणि मागच्या शॉकअपची अवस्था अधिक काटेकोरपणे पाहावी.

हेल्मेट, रेनकोट आणि झोप

'मला हेल्मेट बसतच नाही' ही तक्रार खरी असू शकते. दुकानात बहुधा मध्यम आणि लार्ज मापे समोर मांडलेली असतात. भुवयांच्या वरून डोक्याचा घेर टेपने मोजा आणि सेंटीमीटरमध्ये सांगून एक्सएल किंवा डबल एक्सएल मागवा. जून २०२१ पासून दुचाकीसाठी आयएसआय चिन्हाचेच हेल्मेट विकणे बंधनकारक आहे. घट्ट होते म्हणून पट्टा उघडा ठेवलेले हेल्मेट अपघातात आधी उडून जाते.

रेनकोटही मापाचाच हवा. ताणून घातलेला रेनकोट खांद्यात अडतो, हात पूर्ण वळत नाहीत आणि मागे वळून पाहता येत नाही. पावसाळ्यात ही छोटी अडचण मोठी ठरते.

आणखी एक बाब डॉक्टरांच्या अखत्यारीतली आहे. जास्त वजन आणि स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास थांबण्याचा विकार, यांचा जवळचा संबंध आहे. जोरात घोरणे, रात्री दचकून जाग येणे, सकाळी डोके जड असणे, दिवसा पेंग येणे ही त्याची लक्षणे. असा माणूस गाडी चालवताना डुलकी घेऊ शकतो. यावर तपासणी आणि उपचार उपलब्ध आहेत. लक्षणे असतील, तर लांबचा प्रवास करण्याआधी डॉक्टरांना दाखवावे.

रोजच्या वापरातल्या दोन सवयी

साइड स्टँडवर उभ्या गाडीवर पूर्ण वजन टाकून बसू नये. फोनवर बोलत तसे बसण्याची सवय अनेकांना असते. स्टँडचा बोल्ट आणि त्याचा जोड गाडीचे वजन धरण्यासाठी असतो. त्यावर १२० किलो आणखी आले, तर तो वाकतो आणि एक दिवस गाडी आडवी होते.

गाडीवर चढताना फूटरेस्टवर उभे राहून टांग टाकण्याऐवजी पुढचा ब्रेक धरून, गाडी किंचित स्वतःकडे झुकवून पाय पलीकडे न्यावा. गाडीचा तोल जात नाही आणि स्टँडवरही ताण येत नाही.

गॅरेजमध्ये नेमके काय सांगायचे?

बरीच दुखणी सांगायला संकोच वाटतो म्हणून वाढतात. मेकॅनिकला वजन सांगितले नाही, तर तो सगळ्यांच्या गाडीसारखेच सेटिंग करून देतो, आणि त्यात त्याची चूक नसते. पुढच्या सर्व्हिसिंगला एवढे सांगा : "माझे वजन ११५ आहे, मागे ६० किलोचे माणूस रोज असते. मागचे शॉकअप कितव्या खाचेवर आहे ते बघा. मागच्या टायरची हवा त्या हिशेबाने सांगा. ब्रेक शू किती उरलेत ते दाखवा." वजन आकड्यात सांगितले, की तो प्रश्न टिंगलीचा राहत नाही, कामाचा होतो.

वजन कमी करावे का, हा सल्ला डॉक्टर आणि घरचे देतच असतात, आणि त्याला महिने लागतात. उद्या सकाळी कामावर मात्र याच वजनाने, याच गाडीवरून जायचे आहे. पुस्तिकेतली वजाबाकी, शॉकअपची खाच आणि मागच्या टायरची हवा, या तीन गोष्टी आज संध्याकाळीही तपासून होतात. खर्च फार तर हवा भरण्याचा.